दोन गोळ्या

बिरकत अल अवामेर, कतार
शुक्रवार, १२ जून २०१५

प्रिय लिडियाताई,

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, पोट तर जरा जास्तच. फोनवर रोज स्टेफी असते आणि हे बायकोच्या कानावर घालण्यासारखं नाही. शिवाय माझा फोन कंपनीचा, तो आणखी कोण ऐकतं देव जाणे. म्हणून ही जुनी रीत. आपला मावसभाऊ डेरिल विमानाच्या मालखात्यात असल्यामुळे महिन्यातून दोनदा मुंबईला येतो. आज चर्चमधली मिस्सा संपली की पत्र त्याच्या हाती देईन.

कामगारांच्या कॅम्पात वातावरण बरं नाही. फुटबॉलचा वर्ल्ड कप दोन हजार बावीस साली, पण घाई आतापासूनच. पहाटे साडेचारला बसेस सुटतात आणि तेव्हापासून माझ्या नावानं शंख सुरू होतो. अठराशे माणसं, आणि कॅम्प बॉस मी एकटा. पाणी गेलं, विन्सेंट. डाळ पातळ झाली, विन्सेंट. त्याची मला सवय आहे. पण परभणीकडचा नंदू म्हणून एक आहे. पंधरा दिवस झाले, ड्यूटीवरून आला की माझ्या केबिनसमोर येऊन उभा राहतो. शिवी देत नाही, हात उचलत नाही. टोपी हातात धरून नुसता उभा. आता त्याच्याबरोबर आणखी चार-पाच जण असतात. मला जेवण जात नाही, ताई. दाराला आतून कडी लावून जेवतो.

महमूदला हे कळलं. महमूद म्हणजे इंडस्ट्रियल एरियातला, लष्करानं मोडीत काढलेला माल विकणारा. कॅम्पच्या खाटा आणि ब्लँकेटं मी त्याच्याकडूनच घेतो. मंगळवारी गेलो तर त्यानं मला मागच्या खोलीत नेलं आणि एका करड्या ब्लँकेटातून पिस्तूल काढलं. कुठल्याशा फौजेचं जुनं. मुठीवरचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, म्हणजे कुणीतरी ते वर्षानुवर्षं धरलं असणार. मी हातात घेतलं. वाटलं त्यापेक्षा जड निघालं. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटातला गोळा खाली बसला.

महमूद म्हणतो, ईदपर्यंत सांग, तुझ्यासाठी बाजूला ठेवतो. पकडलो गेलो तर तुरुंग, हे मला माहीत आहे. पण घेतलं नाही आणि त्या लोकांनी मला गाठलं तर? आई गेल्यापासून माझे सगळे निर्णय तूच घेतलेस. हाही घे.

तुझा,
विन्सेंट


भुईगाव, वसई
२५ जून २०१५

प्रिय विन्सेंट,

डेरिलनं पत्र आणि खजूर दोन्ही पोचवले. खजूर स्टेफीला दिला, पत्र माझ्याकडे आहे.

आधी उत्तर लिहिते, म्हणजे तू मधलं गाळून शेवटाकडे उडी मारायला नको. नाही. घ्यायचं नाही. हात लावलास तेवढा पुरे.

तू आठ वर्षांचा असताना वाडीत साप निघाला होता, आठवतंय? तू आठवडाभर उशाशी काठी घेऊन झोपायचास. साप पुन्हा आला नाही, पण पहाटे मिस्सेला जायला उठलेल्या बाबांच्या नडगीवर तू ती काठी हाणलीस. महिनाभर लंगडत होते बिचारे. तेव्हा काठी होती म्हणून आपण अजूनही हसतो.

मी तीस वर्षं हॉस्पिटलात काढली. गोळी लागलेली माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या घरातल्याच बंदुकीनं लागलेली असायची. आणि तू ते ठेवणार कुठे? आठ बाय दहाच्या केबिनमध्ये, उशीखाली? परक्या देशात, जिथे आपल्या नावावर धड मोटरसायकल नाही?

आता मला एक सांग. हा नंदू टोपी हातात धरून का उभा राहतो? मारायला येणारा माणूस टोपी काढत नाही, विनू. टोपी काढून माणूस काहीतरी मागायला येतो. पंधरा दिवस तो काय मागतोय? तू लिहिलंस की तो नुसता उभा राहतो. तू विचारलंस का? डाळीची तक्रार तू मला दोन ओळींत सांगितलीस आणि ज्याच्यासाठी पिस्तूल घ्यायला निघालास त्याचं कारण मात्र एका शब्दानं नाही.

मी तुला लहानाचं मोठं केलंय. तू काहीतरी लपवतोयस.

येशूची शांती तुझ्याबरोबर असो.
ताई


बिरकत अल अवामेर
शुक्रवार, २४ जुलै २०१५

ताई,

घाईत लिहितोय, डेरिल चर्चच्या गेटवर थांबलाय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. नंदूच्या बायकोचा भाऊ सुरेश, तोही आमच्याच कॅम्पात होता. तो मे महिन्यात गेला. आणि आता हे लोक उघड बोलतात की सुरेश विन्सेंटच्या गोळीनं मेला. एक नाही, दोन गोळ्या, असं नंदू मेसमध्ये सगळ्यांना सांगत फिरतो. ईदच्या दिवशी मी मिठाई वाटायला गेलो तर एकानंही हात पुढे केला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "गोली मत देना साहब." सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, ताई?

मी त्याला मारायचं म्हणून केलं नाही. देवाशप्पथ. समोर उभा होता, अंगावर येत होता, बडबडत होता. त्या क्षणाला मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं.

कागदोपत्री सगळं नीट आहे. हृदय बंद पडलं असं सर्टिफिकेट आहे. पण नंदू ऐकत नाही.

महमूदचं पुढच्या पत्रात. स्टेफीला यातलं काही बोलू नकोस.

विन्सेंट


भुईगाव
२ ऑगस्ट २०१५

विन्सेंट,

पत्र चार वेळा वाचलं. दर वेळी वाटतं की अक्षर बदलेल.

मी नाही म्हटलं होतं. इतक्या स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं होतं. पण तारीख बघितली तर त्याला काही अर्थच उरत नाही. तो मे महिन्यात गेला, आणि तू मला जूनमध्ये विचारलंस, घेऊ का म्हणून. म्हणजे घेऊन, वापरून झाल्यावर माझी परवानगी मागत होतास? आपल्या घरात साधी कोंबडी कापतानाही सगळे डोळे मिटून घेतात, आणि तू एका माणसावर दोन गोळ्या झाडल्यास?

स्टेफी शेजारी मासे साफ करत गाणं म्हणतेय आणि मी तिच्याकडे बघू शकत नाही. रोझरीची माळ हातात घेतली तरी मणी पुढे सरकत नाही.

पोलिसात जा. जे झालं ते सांग. तो अंगावर आला होता म्हणतोस, तर तेही सांग. सर्टिफिकेट कोणी दिलं, कसं दिलं, मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मी पासपोर्ट शोधतेय. डेरिलला विचारलंय, मला किती दिवसांत येता येईल. तू एकटा राहणार नाहीस. पण आधी जा.

ताई


बिरकत अल अवामेर
शुक्रवार, १४ ऑगस्ट २०१५

प्रिय ताई,

अगं, तू वेडी आहेस का! पत्र वाचून आधी मला घाम फुटला आणि मग चर्चच्या पार्किंगमध्ये हसत सुटलो. डेरिलला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. गोळी म्हणजे पॅनाडोल, माझे आई! डोकेदुखीची गोळी! तीस वर्षं गोळ्या वाटण्यात काढलीस आणि तुला तीच आठवली नाही?

आता सगळं सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मेच्या शेवटी साइटवर फार ऊन होतं. उन्हाळ्यातली दुपारची सुट्टी जूनच्या मध्यापासून सुरू होते, तोवर काम चालूच. सुरेशला फोरमननं पाण्याच्या गाडीतून कॅम्पात परत पाठवलं, तब्येत बरी नाही म्हणून. आमच्याकडे आजाऱ्यांचं रजिस्टर असतं. दिवसाला दहाच्या वर नावं गेली की ऑफिस माझ्यावर उखडतं, विन्सेंट, तू कॅम्प चालवतोस की हॉस्पिटल? त्या दिवशी दहा झाली होती. हा अकरावा. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही, म्हणजे काम काय केलं असेल ते दिसतच होतं. वर नाटकं. मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, चालताना मुद्दाम धडपडला, माझ्या अंगावरच आला. मी पॅनाडोलच्या दोन गोळ्या दिल्या, पाणी दिलं, आणि तीनच्या बसमध्ये बसवून साइटवर पाठवून दिलं. पाचच्या सुमाराला तिथे गेला. आता हृदय बंद पडायचंच असेल तर त्याला मी काय करणार?

नंदूचं म्हणणं एवढंच. शेवटी विचारलं मी त्याला, तू सांगितलंस म्हणून. दार उघडून विचारलं. तर म्हणतो, "सायेब, काय नको बगा. सुरेश दुपारी तुमच्याकडं आल्ता, तेला बरं नव्हतं, येवढी एक वळ लिहून द्या. तुमची सही करा." एक ओळ! त्या एका ओळीनं सर्टिफिकेट फिरतं, ताई, मरण कामामुळे आलं असं ठरतं. मग चौकशी, मग रजिस्टर कुठाय, मग नाव का नाही लिहिलं. मग आत मी.

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून समोर दहा माणसं उभी असतात.

म्हणून ईद उलटून गेली तरी महमूदला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. त्यानं ते आमच्या कॅम्पच्या ब्लँकेटांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलंय. मागच्या महिन्यात नंदूलाच घेऊन मी तिथे खाटा चढवायला गेलो होतो. तो बाहेर उन्हात खाटा चढवत होता आणि मी आत ते हातात घेऊन बसलो होतो, काय गंमत बघ.

तुझा,
विन्सेंट


भुईगाव
२६ ऑगस्ट २०१५

प्रिय विन्सेंट,

गोळीचा अर्थ लावताना मी चुकले. त्यावर तू हसलास, हस. पण मला तुझ्यासारखं हसू आलं नाही.

अंग तापलेलं, घाम थांबलेला, बोलणं भरकटलेलं, पाय लटपटत. हे नाटक नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगीसुद्धा सांगेल की हा उष्माघात आहे. त्याला सावलीत निजवायचं, अंगावर पाणी ओतायचं, बर्फ लावायचा आणि अँब्युलन्स बोलवायची. तू त्याला दोन गोळ्या दिल्यास आणि परत उन्हात पाठवलंस. तुला कळलं नव्हतं हे मी मान्य करते. तू डॉक्टर नाहीस. पण अकरावं नाव लिहायचं नाही हे तुला कळत होतं.

मागच्या पत्रात मला वाटलं होतं की माझ्या भावानं माणूस मारला. तेव्हा मी रडले. हे पत्र वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. भीतीनं गोळी झाडणाऱ्याची मला दया आली असती. तू तर त्याच्याकडे नीट बघितलंही नाहीस.

आणि पिस्तुलाचं आता मला समजलं. नंदू तुला मारेल असं तुलाही वाटत नाही. तीन महिने तो टोपी काढून उभा आहे. तुला ते हवंय ती ओळ लिहावी लागू नये म्हणून. ते उशाशी असलं की दार उघडायचं की नाही हे तू ठरवणार, एवढंच.

ओळ लिही. सही कर. जे होईल ते होईल. इथलं स्टेफीचं मी बघेन. महमूदला नाही म्हण, आणि तेही याच आठवड्यात. लोंबकळत ठेवलेली गोष्ट कोणाच्या तरी डोक्यात पडतेच.

सुरेशचं पूर्ण नाव आणि गाव कळव. त्याच्यासाठी प्रार्थना करायची तर निदान नाव तरी माहीत हवं.

ताई


बिरकत अल अवामेर
शुक्रवार, १८ सप्टेंबर २०१५

प्रिय ताई,

पिस्तुलाचा विषय संपला. खलास. मी ते घेतलं नाही आणि घेणारही नाही. तुझं ऐकलं, आता खूश हो.

झालं असं की महमूदच्या गोदामावर पोलिसांची धाड पडली. तो आधीच गावाला पळाला होता. पण ते पिस्तूल सापडलं, आणि सापडलं नेमकं आमच्या कॅम्पची चिठ्ठी लावलेल्या गठ्ठ्यात. साध्या कपड्यातले दोघे आमच्या ऑफिसात आले. मला बोलावलं. विचारलं, कॅम्पातलं कोण कोण त्या गोदामात जातं? मी म्हटलं, मी जातो, खाटा घ्यायला, ते माझं कामच आहे. आणि? आणि मागे एकदा नंदू आला होता. हे खरंच आहे की नाही? मग ऑफिसच्या साहेबांनीच विचारलं, नंदू म्हणजे तोच ना, जो माणसं जमवून तुझ्या दारात उभा राहतो? मी म्हटलं, हो. तेही खरंच. तुला त्याची भीती वाटते का? मी म्हटलं, वाटते.

एवढंच. एक अक्षर खोटं बोललो नाही मी. त्यानं पिस्तूल घ्यायला सांगितलं होतं असं मी म्हटलं नाही. त्यांनी ते त्यांचं त्यांनी जुळवलं. बुधवारी संध्याकाळी त्याला घेऊन गेले. तो गाडीत बसताना माझ्याकडे बघत होता.

आता केबिनसमोर कोणी उभं राहत नाही. काल मी दार सताड उघडं टाकून जेवलो. बाहेर कोणी नसलं की हा कॅम्प किती शांत असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

ती ओळ मी लिहिणारच होतो, ताई. शपथेवर सांगतो, लिहायलाही बसलो होतो. पण आता देऊ कोणाला? मागणाराच नाही.

सुरेशचं नाव-गाव मागितलं होतंस. पासपोर्टच्या कॉपीवरून मागच्या पानावर उतरवून दिलंय. जिंतूर तालुक्यातलं गाव आहे, नंदूचं घरही तिथेच. मेणबत्ती लावणार असशील तर माझ्या वतीनंही एक लाव. आणि डेरिलबरोबर सुकेळी पाठव, इथे मिळतात त्यांना आपल्या वसईची चव नाही.

तुझा,
विन्सेंट


भुईगाव
४ ऑक्टोबर २०१५

प्रिय विन्सेंट,

"प्रिय" लिहिताना हात अडला, पण खोडलं नाही. तू मला प्रियच आहेस, तोच तर माझा त्रास आहे.

मी स्टेफीला सगळं सांगितलं. तुझी चारही पत्रं तिच्यापुढे ठेवली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, त्यांच्या गावी जाणार असाल तर बॅग भरा, मीही येते. परभणीपर्यंत गाडीनं गेलो, पुढे एसटीनं. गाव सापडायला वेळ लागला नाही. सुरेशचं घर म्हटल्यावर लोक आपण होऊन घेऊन जातात.

नंदूच्या बायकोला काही माहीत नव्हतं. पंधरा दिवस फोन नाही, तर तिला वाटत होतं कामाचा जोर असेल, वर्ल्ड कपचं काम आहे म्हणे. भावाचं दुःख अजून ओलं आहे आणि त्यात मी तिला हे सांगायला गेले. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तुझं पहिलं पत्र, तुझ्या अक्षरातलं, पिस्तूल हातात घेतल्यावर पोटातला गोळा खाली बसला ते. मग दोन गोळ्यांचं. मग हे शेवटचं. वाचताना मला शरम वाटत होती, आणि तू किती छान लिहितोस हे मधूनच जाणवत होतं, त्याची आणखी शरम.

मला वाटलं ती ओरडेल, आम्हाला हाकलून देईल. ती चहा ठेवायला उठली. आतून म्हणाली, "मग तेंनीच सांगावं की. तुमचंच माणूस हाय, तुमी सांगितल्यावर ऐकंल." तिला खरंच तसं वाटतंय, विनू. तिला वाटतं की एवढंच करायचं राहिलंय.

परत येताना स्टेफी म्हणाली, हे सगळं आपण उघड केलं नाही तर विन्सेंट सुट्टीला येईल तेव्हा मी त्याला ताट कसं वाढू?

तू लिहितोस, एक अक्षर खोटं बोललो नाही. मला माहीत आहे. तू लहानपणीही खोटं बोलत नव्हतास. विचारलं तेवढंच सांगायचास, आणि मार दुसऱ्याला बसायचा. तेव्हा मी तुला पदराखाली घ्यायची. ते माझं चुकलं. त्याची माफी मी आता कुणाकडे मागू कळत नाही.

ते पिस्तूल तू विकत घेतलं नाहीस म्हणून मी खूश व्हावं असं तुला वाटतं. घेतलं असतंस तर निदान ते तुझ्याकडे सापडलं असतं.

तुझी मूळ पत्रं मी त्या बाईकडे ठेवून आले. झेरॉक्स डेरिलकडे आहे. त्याला मी सगळं वाचायला दिलं. चार महिने आपण काय नेत होतो हे त्याला तेव्हाच कळलं. तो हे पत्र तुला शुक्रवारी मिस्सेनंतर देईल, आणि रविवारी आपली वकिलात उघडली की ती झेरॉक्स घेऊन आत जाईल. त्याला थांबवायचा प्रयत्न करू नकोस. त्यानं मला शब्द दिलाय.

त्याआधी तू स्वतः पोलिसांकडे गेलास, पिस्तूल माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं असं तुझ्या तोंडानं सांगितलंस, आणि सुरेशची ती ओळ लिहून दिलीस, तर डेरिलला आत जावं लागणार नाही. तुला शिक्षा होईल. मी आणि स्टेफी येऊ, जिथे भेटू देतील तिथे, जितकी वर्षं लागतील तितकी. ते मी तुला सांगायलाही नको.

शुक्रवार आणि रविवार यांच्या मधे एक शनिवार आहे. तेवढा मी तुझ्यासाठी ठेवलाय.

ताई